एकोणीस प्रकरणं आणि एक नव्यासारखा लॅपटॉप

१

गुरुवारी सकाळी दहा वाजता भाच्याने लॅपटॉप उघडला, तेव्हा लॅपटॉपने त्याचं अगदी मनापासून स्वागत केलं. ‘नमस्कार! चला, सुरुवात करू या. आपली भाषा निवडा.’

ज्याच्यासमोर आपण पाच महिने दिवसाचे सहा तास बसलो, त्याने एका सकाळी ओळखच दाखवू नये, हा अनुभव माणसाला एरवी नातेवाइकांकडून येतो. भाच्याने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. लॅपटॉपने पुन्हा स्वागत केलं. त्याच्या आत आता काहीच नव्हतं. पासवर्ड नव्हता, ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम नव्हता, आणि ‘आकाश’ नावाच्या फोल्डरमधली एकोणीस प्रकरणंही नव्हती.

भाचा दृष्टिहीनांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका संस्थेत ध्वनिमुद्रक होता. संस्था म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या: एक संचालकांची, एक कपाटांची, आणि एक भिंतींना जाड स्पंज लावलेली ‘मुकी खोली’. या मुक्या खोलीत बसून बाईंनी आकाश समजावून सांगितलं होतं. बाई म्हणजे पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. समोर पुस्तक होतं, पण चित्र आलं की बाई पुस्तक मिटायच्या आणि ते चित्र तोंडाने काढायच्या. ज्याने आयुष्यात कधी उजेड पाहिला नाही, त्याच्या हातात त्या चंद्र आणून ठेवायच्या. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. फक्त आवाजात होतं.

आणि सहा आठवड्यांपूर्वी बाईंच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. बाई वाचल्या होत्या. आवाज वाचला नव्हता.

संचालक मुक्या खोलीत आले, त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांना एकदम आठवलं, की आपण संचालक आहोत.

“पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“फक्त मला,” भाचा म्हणाला.

“मग झालं तर!” संचालक म्हणाले. “सोमवारी विश्वस्तांची बैठक आहे. तोपर्यंत लेखी खुलासा द्या. नाहीतर राजीनामा.”

भाच्याने खुलासाही लिहिला नाही आणि राजीनामाही लिहिला नाही. त्याने आत्याला फोन लावला.

२

आत्याने एकतीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांची पाहणी केली होती. म्हणजे, लोक म्हणायचे की आमचं गोदाम जळालं, आणि आत्या म्हणायची, असं होय, बघू या. जळालेल्या गोदामात मालक कुठे उभा राहून रडतो, यावरून आग कुठे लागली ते ती ओळखायची, अशी कंपनीत ख्याती होती. निवृत्त झाल्यापासून कुणी तिच्याशी खोटं बोलत नव्हतं, त्यामुळे ती जरा उदास होती.

“हे बघ,” जिने चढून वर आल्यावर ती भाच्याला म्हणाली, “नोकरीचं नंतर बघू.”

“नोकरी गेली खड्ड्यात, आत्या. मला बाईंचा आवाज परत हवाय. त्यांना अजून सांगितलं नाहीये कुणी.”

“मग तेच शोधायचं. कुणी केलं हे कळलं की कसं झालं हे कळेल, आणि कसं झालं हे कळलं की काय उरलंय ते कळेल. दुसरी प्रत?”

भाच्याने मान खाली घातली. प्रत होती. रोजच्या रोज तो सगळं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवायचा. ती डिस्क लॅपटॉपबरोबरच घेतलेली, त्याच ऑनलाइन दुकानातून, त्याच ऑर्डरमध्ये. दोन्ही वस्तू जुन्या, पण दुरुस्त करून विकलेल्या. सोमवारी डिस्कमधून टकटक असा आवाज आला, आणि मग तोही यायचा थांबला. बुधवारी चार वाजता भाचा ती कुरिअरने दुकानाकडे परत पाठवायला गेला, आणि तिथूनच घरी.

“आणखी कुणाकडे?”

“तपासायला जायचं कानकाकांकडे. पण त्यांना एका वेळी एकच प्रकरण, छोट्या कार्डवर. ते ऐकून टिपण देतात, कार्ड परत करतात, आणि मी ते पुसून त्यावर पुढचं प्रकरण देतो. बाहेर प्रत राहता कामा नये, असा संचालकांचा नियमच आहे. ते नियम करतात.”

ते खरंच होतं. मुक्या खोलीच्या दारावर ठसठशीत अक्षरांत सूचना होती: ‘मुद्रणाचा लॅपटॉप कोणीही, कोणत्याही कारणास्तव, इंटरनेटला जोडू नये. मुद्रणात टुंगटुंग येते. – संचालक.’ खाली सही, सहीखाली शिक्का.

संचालकांनी आत्याला बसायला खुर्ची दिली, ती रिकामी करायला फाइलींचा एक गठ्ठा जमिनीवर ठेवून. जमिनीवर आधीच असे पाच गठ्ठे होते.

“लॅपटॉप तुम्हीच घेतलात?” आत्याने विचारलं.

“मीच!” संचालकांची छाती फुगली. “अहो ताई, नवीन घेणारे मूर्ख असतात. हा नव्यासारखा! चाळीस ठिकाणी तपासलेला! चाळीस! माझी स्वतःची तब्येत कुणी चाळीस ठिकाणी तपासलेली नाही. साडेचार तारे होते त्या दुकानाला.”

“उरलेला अर्धा कुठे गेला?”

“असतात काही कुरकुरे लोक. आणि वॉरंटी आहे वर्षाची! बुधवारपासून सुरू झालीसुद्धा, मला संदेश आला. तेव्हा यंत्राचा दोष असेल तर बदलून मिळेल. पण यंत्राचा दोष नाहीच. तुमचा भाचा मागच्या महिन्यात माझ्याशी भांडला होता. पंखा बंद करण्यावरून.”

“कुणाचा पंखा?”

“माझा. म्हणे मुद्रणात येतो.”

आत्याने हे सगळं वहीत लिहून घेतलं. जाता जाता ती म्हणाली, “बुधवारी चारनंतर इथे कोण होतं?”

“मी होतो. पण मी माझ्या खोलीत होतो,” संचालक म्हणाले. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, “आणि बाई आल्या होत्या. त्यांनीच ऑपरेशनच्या आधी मला चिठ्ठी दिली होती. ही बघा.”

चिठ्ठीत बाईंच्या सुवाच्य अक्षरात एकच ओळ होती: ‘मला हे मुळीच पसंत नाही. सगळं पुसून टाका.’

३

बाईंच्या घरात पुस्तकं, एक दुर्बीण आणि एक पाटी होती. खरोखरची पाटी, खडूची. बाई म्हणजे वर्गातली शेवटची शिस्त होती. घशाला रुमाल, पण पाठ ताठ. भाचा दारातच अडखळला. सांगायचं कसं, याचे वाटेत सात मसुदे झाले होते. आत्याने एकही वापरला नाही.

“बाई, तुमची एकोणीस प्रकरणं लॅपटॉपमधून पुसली गेलीत,” ती म्हणाली. “मी ती शोधायला निघालेय. मला मदत हवीय, आणि खरं बोलणारं माणूस हवंय.”

बाईंनी खडू उचलला. मग लिहिलं: ‘विचारा.’

आत्याने चिठ्ठी पुढे केली. बाईंनी ती वाचली, आणि त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. भाच्याला वाटलं, त्या रडताहेत. त्या हसत होत्या. आवाजाशिवाय हसणं जरा भीतिदायकच दिसतं.

पाटीवर आलं: ‘हे पहिल्या प्रकरणाबद्दल. जूनमधलं. पुसून पुन्हा केलं. दुसऱ्यांदा चांगलं झालं.’ आणि खाली: ‘ते तारीख वाचत नाहीत.’

“ऑपरेशनच्या आधी म्हणजे तीन-साडेतीन महिने आधी,” आत्या पुटपुटली. “तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही. बुधवारी कशाला आला होतात?”

यावर बाईंनी खडू हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. भाच्याकडे न बघता लिहिलं: ‘ऐकायला. एकदा.’

भाचा खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तो बघत राहिला.

“मग ऐकलंत का?” आत्याने जरा हळू आवाजात विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. पाटी पुसली, आणि लिहिलं: ‘साडेचार. खोलीचं दार उघडं. हा नव्हता. लॅपटॉपही नव्हता. वाटलं, घरी नेला. परत आले.’

“मी नव्हता नेला!” भाचा ओरडला. “मी साडेचारला कुरिअरच्या रांगेत होतो! पावतीवर वेळ आहे!”

“ओरडू नकोस,” आत्या म्हणाली. “तुझी पावती सकाळीच बघितली मी, तू हात धुवायला गेलास तेव्हा.”

बाईंनी पाटीवर दोन शब्द लिहून त्यांच्याखाली रेघ मारली. पाटी आत्याच्या समोर धरली. ‘परत आणाल?’

आत्याने विमा कंपनीत एकतीस वर्षं कुणाला काही कबूल केलं नव्हतं. “आणीन,” ती म्हणाली, आणि जिना उतरताना स्वतःवरच चिडली.

४

कानकाका जन्मापासून दृष्टिहीन होते, आणि त्यांचं खरं नाव संस्थेत कुणाला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं ते संस्थेची पुस्तकं तपासत होते. वाचणाऱ्याने पान उलटताना श्वास घेतला, तरी त्यांच्या टिपणात यायचं: ‘नऊ मिनिटं चार सेकंद, श्वास.’

“दोघं आलात,” दार उघडताच ते म्हणाले. “हा आपला मुद्रक, उजव्या चपलेचा पट्टा सुटलाय. आणि एक ताई, गुडघा दुखतोय, पण सांगत नाहीत.”

“डावा,” आत्या म्हणाली.

“उजवा. डावा तुम्ही सवयीने धरता.”

आत्याने हात डाव्या गुडघ्यावरून काढून उजव्यावर ठेवला.

बातमी ऐकून कानकाकांचे हात मांडीवर घट्ट झाले. “सगळी गेली? एकोणीसच्या एकोणीस?”

“डिस्कही गेली. तुमच्याकडे काही आहे का?”

“माझ्याकडे कसं असेल?” कानकाका चटकन म्हणाले. “नियम आहे ना. एक कार्ड यायचं, ऐकायचं, टिपण सांगायचं, कार्ड परत. मागच्या वर्षी एका तपासणाऱ्याने घरच्यांसाठी एक कादंबरी ठेवून घेतली, तर संचालकांनी त्याला काढून टाकलं. एकाच दिवसात. मला दुसरं काय काम आहे हो, ताई?”

“बाईंचा आवाज तुम्ही इतका ऐकलात. कसा होता?”

कानकाकांचा चेहरा एकदम सैल झाला. “काय सांगू! पहिल्या प्रकरणात भरल्या घागरीसारखा. अकराव्यापासून घागरीचा तळ लागायला लागतो. आजार तिथेच सुरू झाला होता, डॉक्टरांना फार उशिरा कळला. पण नुसतं अकरावं ऐकून कळायचं नाही हं. पहिलं लावायचं, की ते संपताच लगेच अकरावं, लगेच सतरावं. मग बरोबर कळतं. सतराव्यात त्यांना दुखतंय, पण धूमकेतूला काही कळू देत नाहीत.”

भाच्याने डोळे पुसले. आत्याने वहीत एक ओळ लिहिली आणि तिच्याभोवती चौकोन काढला.

“येते, काका,” ती म्हणाली.

“इतक्यात? चहा तरी.”

“पुन्हा येईन तेव्हा घेईन. मी पुन्हा येणार आहे.”

ती हे फारच शांतपणे म्हणाली. कानकाकांना ऐकून माणसं ओळखता यायची. दार लावताना त्यांचा हात दोनदा चुकला.

५

शुक्रवारी दोघं दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याचं दुकान जिन्याखाली होतं, आणि तो स्वतःही साधारण जिन्याखाली मावेल एवढाच होता. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, भिंतीवर बिन-झाकणाची यंत्रं.

“उघडू?” त्याने विचारलं.

“त्यासाठीच आणलाय.”

“सगळे असंच म्हणतात, आणि मग रागावतात.”

त्याने लॅपटॉप उलटा केला आणि भिंग जवळ नेलं. “इथे एक पट्टी होती, खरवडून काढलीय. आणि हे स्क्रू बघा. प्रत्येकावर कारखान्यातल्या गोंदाचा ठिपका, जसाच्या तसा. हे झाकण आजपर्यंत कुणी उघडलेलंच नाही.”

“चाळीस ठिकाणी तपासलाय म्हणे.”

“असेल. चाळीसही ठिकाणं बाहेरची असतील.”

झाकण निघालं. बॅटरीखाली दुसरी पट्टी होती, पहिलीची जुळी बहीण, कुणी न खरवडलेली. एका मोठ्या कंपनीचं नाव, क्रमांक, आणि ओळ: ‘ही वस्तू सापडल्यास कळवावे.’ खाली फोन नंबर.

“आता कळलं,” दुरुस्तीवाला म्हणाला. “मोठ्या कंपन्या यंत्राच्या अगदी मुळाशी एक रखवालदार बसवतात. वरचं सगळं पुसून नवं टाका, तो हलत नाही. यंत्र हरवलं, की कंपनी हुकूम सोडून ठेवते. यंत्राला इंटरनेट मिळालं, की रखवालदार मालकाला हाक मारतो, हुकूम घेतो, आणि आतलं सगळं पुसून टाकतो. पासवर्ड विचारत बसत नाही. आणि या पद्धतीत पुसलेलं परत येत नाही, ते आधीच सांगतो.”

“पण माझा लॅपटॉप पाच महिन्यांत एकदाही इंटरनेटला जोडला नाही!” भाचा म्हणाला. “मुक्या खोलीत तर नेट येतच नाही, भिंती जाड आहेत. येतं ते फक्त संचालकांच्या टेबलावर.”

“आणि जोडायलाही पासवर्ड लागतो,” आत्या म्हणाली.

“छे!” दुरुस्तीवाल्याने बाजूचा कुणाचा तरी लॅपटॉप पुढे ओढला. पडद्यावर पासवर्डची चौकट होती. “कोपऱ्यात बघा. नेटचं चिन्ह. दाबा.”

आत्याने बोट टेकवलं. यादी उघडली. कुलूप तसंच, आणि यंत्र मात्र इंटरनेटवर. आत्या त्या बोटाकडे बघत राहिली.

मग तिने पट्टीवरचा नंबर लावला. पलीकडचा माणूस चटकन आला. हरवलेलं सापडलं म्हणून रोज कुणी फोन करत नसावं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एका माणसाच्या गाडीची काच फोडून लॅपटॉप गेला होता. आणि परवा, अचानक, त्याची हाक आली होती.

“केव्हा?”

“बुधवारी, दुपारी चार बावन्न,” तो म्हणाला. “आता मला सांगा, ते यंत्र तुमच्याकडे कसं?”

“आम्ही विकत घेतलंय. बिल आहे, दुकानाचं नाव आहे, आणि दोन्ही तुम्हाला मिळतील. यंत्रही मिळेल,” आत्या म्हणाली. “पण मला दोन दिवस द्या.”

फोन ठेवून ती भाच्याकडे वळली. “त्या लॅपटॉपच्या खोक्यात एखादं कार्ड होतं का? वॉरंटीचं?”

भाच्याने पिशवीतून खोकं काढलं. तळाशी गुळगुळीत कार्ड होतं, त्यावर हसणाऱ्या माणसांचं चित्र. आत्याने बारीक अक्षरं वाचली, आणि हसणाऱ्या माणसांपेक्षा जास्त हसली.

६

शनिवारी सकाळी संचालकांच्या खोलीत चौघं बसले: संचालक, भाचा, बाई आणि आत्या. फाइलींचे सहाही गठ्ठे जमिनीवरच होते.

“बुधवारी चार बावन्नला हा लॅपटॉप इंटरनेटवर गेला आणि त्यामुळे पुसला गेला,” आत्या म्हणाली. “म्हणजे कुणी पुसायला बसलं नव्हतं, आणि पासवर्डही लागला नव्हता. प्रश्न एवढाच की नेटला जोडला कुणी. मुक्या खोलीत नेट येत नाही, तेव्हा तो बाहेर आणायला हवा. साडेचारला बाई आल्या तेव्हा तो जागेवर नव्हता. भाचा तेव्हा रांगेत होता, पावती आहे.”

“बाईंच्या बोलण्याला पुरावा काय?” संचालक म्हणाले. मग बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी आपण होऊन हात बाकावर ठेवले असते, पण बाक नव्हता.

“पुरावा तुम्ही दिलात,” आत्या म्हणाली. “मला पहिल्याच दिवशी म्हणालात, लॅपटॉपची वॉरंटी बुधवारपासून सुरू झाली, संदेश आला. हे खोक्यातलं कार्ड. वाचते. ‘आपले यंत्र पहिल्यांदा इंटरनेटला जोडताच वॉरंटी आपोआप सुरू होईल.’ पाच महिने सुरू झाली नव्हती. बुधवारी झाली.”

खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता.

“आणि नेट पकडतं फक्त तुमच्या टेबलावर,” आत्या पुढे म्हणाली. “ज्याच्यावर लॅपटॉप ठेवायचा तर आधी फाइली खाली उतरवाव्या लागतात.”

संचालकांनी जमिनीकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला, चेहरा पुसला, पुन्हा चष्मा पुसला.

“मी काहीच केलं नाही हो,” ते म्हणाले. “ती डिस्क मेली म्हणून मी दुकानाला फोन केला. अर्धा तास गाणं ऐकलं. मग तिथली एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, त्याच ऑर्डरमधल्या लॅपटॉपची वॉरंटी चालू नाही, तोवर डिस्कची तक्रार घेता येत नाही. लॅपटॉप एकदा फक्त नेटला जोडा, म्हणाली, बाकी आपोआप होईल. वीस-पंचवीस मिनिटं इथे ठेवला तेव्हा कुठे नेट लागलं, संदेश आला, झाकण लावून परत नेऊन ठेवला. पासवर्ड मला ठाऊकही नाही! गुरुवारी पडदा पाहिला, आणि... आणि दारावर माझीच सही होती.”

“शिक्काही,” भाचा म्हणाला.

“म्हणून माझ्यावर टाकलंत?” हे भाच्याला म्हणायचं होतं, पण त्याच्याआधी बाईंची पाटी वर आली होती. संचालकांनी ती वाचली आणि त्यांचे कान लाल झाले. पाटीवर काय होतं ते आत्याला तिच्या बाजूने दिसलं नाही, आणि तिने नंतरही विचारलं नाही.

“दुकानाचं मी बघते,” आत्या म्हणाली. “चोरीचा माल न उघडता तपासून विकलाय, कंपनीचा माणूस आणि पोलीस आता त्यांना चाळीस ठिकाणी तपासतील. तुम्ही सोमवारी विश्वस्तांना स्वतः सगळं सांगायचं. आणि आत्ता, या क्षणी, एक कागद लिहायचा: बाईंच्या पुस्तकाची प्रत कुणी नियम मोडून ठेवली असेल, तर त्याला काढलं जाणार नाही. सही. शिक्का.”

“प्रत?” संचालक, भाचा दोघंही एकदम म्हणाले. बाईंच्या हातातला खडू खाली पडला.

७

“काका, चहा घ्यायला आलेय,” आत्या म्हणाली, आणि तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. शिक्क्यासकट.

कानकाका खाटेवर उशीजवळ सरकून बसले.

“पहिलं प्रकरण संपताच लगेच अकरावं लावायचं, असं तुम्ही म्हणालात. पण तुम्हाला तर एका वेळी एकच कार्ड मिळायचं. अकरावं आलं तेव्हा पहिलं कधीच पुसलेलं होतं. मग दोन्ही एकामागोमाग लावलीत कशी?”

“माझी आठवण चांगली आहे,” कानकाका हळूच म्हणाले.

“आठवण लावता येत नाही, काका.”

दारात चपला वाजल्या. कानकाकांनी मान वळवली. “तुम्ही बाईंनासुद्धा आणलंत,” ते म्हणाले. उठून त्यांनी उशीखालून एक छोटा गाणी वाजवायचा डबा काढला. “चोरायचं नव्हतं हो. प्रत्येक कार्ड परत करायच्या आधी यात उतरवायचो. मी चंद्र पहिल्यांदा यांच्याकडून... सत्तर वर्षांत पहिल्यांदा. ते परत कसं करायचं?”

भाच्याने डबा हातात घेतला, आणि त्याचा चेहरा उतरला. “काका, हा कुठून घेतलात?”

“ऑनलाइन. नव्यासारखा आहे. साडेचार तारे.”

डब्याची पाठ फुगून वर आली होती, कडेला बोटभर फट. आतली बॅटरी सुजली होती. भाच्याने दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

“चार्जिंगला लावू नका, पेटेल,” दुरुस्तीवाला म्हणाला. “दाबू नका. बंद करू नका, पुन्हा चालू होईलच असं नाही. किती उरलीय?”

“अकरा टक्के.”

“मग बोलताय काय माझ्याशी?”

भाच्याने स्वतःचा लॅपटॉप काढला, वायर जोडली. डबा फरशीवर ठेवला, भोवताली काहीही पेटण्यासारखं राहू दिलं नाही. आत्याने पाण्याची नाही, वाळूची बादली मागितली. एकतीस वर्षांच्या आगी वाया गेल्या नव्हत्या. वाळू भरलेली एक कुंडी बादलीत रिकामी झाली. पहिलं प्रकरण उतरायला तीन मिनिटं लागली. दुसरं, तिसरं. नऊ टक्के. कुणी बसलं नाही. आठव्याला सहा टक्के. बाराव्याला पट्टी अडकली आणि भाच्याने श्वास घेतला नाही. “घे,” कानकाका म्हणाले, “ऐकू येतोय न घेतलेला.” पट्टी हलली. पंधरा. सतरा. दोन टक्के. अठरा. एकोणिसाव्याच्या मध्यावर पडदा काळा झाला आणि डब्याने एक बारीक, थकलेला आवाज केला. आत्याने त्याच्यावर वाळूची अख्खी बादली उपडी केली.

“अठरा पूर्ण,” भाचा म्हणाला. त्याने लगेच आणखी एक प्रत काढली, आणि आणखी एक, आणि प्रत्येक वेगळ्या पिशवीत ठेवली. “एकोणिसावं अकरा मिनिटांपर्यंत.”

“त्यापुढचं मला पाठ आहे,” कानकाका म्हणाले. “सेकंदांसकट. मी सांगतो, कुणीतरी वाचा.”

बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि पाटीवर लिहिलं: ‘तुम्हीच बोला.’ भाच्याने वाचून दाखवल्यावर कानकाकांनी घसा खाकरला, आणि त्या खाकरण्याचीही टिपणात नोंद घ्यायला सांगितली.

मग आत्या भाच्याला म्हणाली, “लाव.”

त्याने पहिलं प्रकरण लावलं. भरल्या घागरीसारखा आवाज खोलीभर झाला. “आज आपण चंद्र हातात घेणार आहोत,” आवाज म्हणाला. “त्यासाठी घरातली एक बशी घ्या आणि ती उपडी करा.” बाई खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होत्या, डोळे मिटून, जणू वर्गात मागच्या बाकावर बसून कुणा नव्या शिक्षिकेची परीक्षा घेताहेत.

चौथ्या मिनिटाला आवाज एका शब्दावर किंचित अडखळला. बाईंची दोन बोटं तटकन वर गेली. मुद्रण चालू असताना चूक झाली की त्या अशीच बोटं करायच्या: थांब, पुन्हा घेऊ. इतक्या महिन्यांच्या सवयीने भाच्याने बटण दाबलं. आवाज थांबला.

खोलीत कुणीही कुणाकडे बघेना. बाईंनी डोळे उघडले. आपल्याच वर गेलेल्या बोटांकडे त्या पाहत राहिल्या. मग ती सावकाश मिटली. पाटीकडे त्यांनी हात नेला नाही. उठल्या, भाच्याचा हात बाजूला केला, आणि स्वतः बटण दाबलं.

“आता ती बशी थोडी फिरवा,” आवाज म्हणाला. “घाई करू नका.”